वाढ मोजताना

१९४९ साली भारत सरकारने तीन जणांची एक समिती नेमली. अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस, सदस्य व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. काम वरकरणी सोपं होतं: नव्या देशाचं वर्षाचं उत्पन्न किती, ते सांगा. पण असा देश मोजायला बसलं की पहिल्या पानापासूनच अडायला होतं. शेतकरी जी ज्वारी बाजारात नेतच नाही, कणगीत भरून वर्षभर घरीच खातो, तिला भाव कोणता लावायचा? बलुतेदाराला खळ्यावर मिळणारं धान्य मजुरीत धरायचं का? शेणाचं खत झालं तर ते उत्पादन, मग गोवरी होऊन चुलीत गेलं तर? समितीने वाटा शोधल्या, अंदाज बांधले, १९५४ साली अंतिम अहवाल दिला. तेव्हापासून देशाचं उत्पन्न दरवर्षी जाहीर होतं आणि टक्का वर गेला की खाली आला यावर वर्तमानपत्रांचे मथळे ठरतात.

या अडचणी कारकुनी वाटतात, पण त्या तशा नाहीत. काय मोजायचं हे ठरवताना कशाला मोल द्यायचं हेही ठरून जातं. हा निर्णय आकडेमोडीतून निघत नाही. तो आधी घ्यावा लागतो, आकडेमोड मागाहून येते. आर्थिक वाढीचा तत्त्वज्ञानाशी संबंध काय, असं विचारणाऱ्याला एवढं उत्तर सुरुवातीला पुरे. पुढच्या पानांत हा विषय अनेक अंगांनी येणार आहे. त्याच्या मुळाशी कोणती भांडणं आहेत, ती कोणी उभी केली आणि त्यातली किती महाराष्ट्रातच रंगली, हे सांगणं एवढंच या प्रस्तावनेचं काम.

राष्ट्रीय उत्पन्नाचा आजचा आराखडा ज्यांच्या हातून घडला, त्या सायमन कुझनेट्स यांचा या आकड्यावरचा भरवसा त्याच्या भक्तांपेक्षा बराच कमी होता. महामंदीच्या काळात अमेरिकी सिनेटसाठी १९३४ साली लिहिलेल्या अहवालातच त्यांनी बजावलं होतं, की यावरून राष्ट्राचं कल्याण जोखता येणार नाही. शस्त्रास्त्रं, जाहिरातबाजी, सट्टा यांवरचा खर्च उत्पन्नातून वगळावा, असंही पुढे त्यांचं म्हणणं पडलं. मग दुसरं महायुद्ध आलं. आपला देश किती माल काढू शकतो हे सरकारांना हवं होतं. कुझनेट्स यांच्या शंका कोणालाच नको होत्या. रणगाडा आणि नांगर एकाच बेरजेत जाऊन बसले.

घरकामाचं भांडण आणखी जुनं. केंब्रिजचे ए. सी. पिगू यांनी १९२० साली दाखवून दिलं होतं, की एखाद्या गृहस्थाने पगारावर घर सांभाळणाऱ्या बाईशी लग्न केलं की देशाचं उत्पन्न घटतं. काम तेच, पगार तेवढा बंद. १९४०च्या दशकात फिलिस डीन ही तरुण संशोधक मध्य आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतींचे हिशेब मांडत होती. सरपण आणणं, धान्य कांडणं, रांधणं हे सगळं वगळून तिथल्या खेड्याचं उत्पन्न काढण्यात तिला काही अर्थ दिसेना. तिचं फारसं कोणी ऐकलं नाही. १९९३ च्या आंतरराष्ट्रीय लेखापद्धतीने मधली वाट काढली: पाणी वाहून आणणं, सरपण गोळा करणं हे उत्पादन, त्याच पाण्यात भात शिजवणं मात्र नव्हे. म्हणजे हंडा डोक्यावर आहे तोवर बाई अर्थव्यवस्थेत, उंबरठा ओलांडून चुलीपाशी बसली की बाहेर! भारताच्या २०१९ च्या कालवापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं आढळलं. अशी कामं करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटांची. जवळजवळ पाच तासांचं रोजचं काम बेरजेबाहेर ठेवून काढलेल्या आकड्याला 'देशाचं उत्पन्न' म्हणण्याची आपल्याला सवय झाली आहे.

भारतात हा आकडा पहिल्यांदा काढला गेला तो मिरवण्यासाठी नव्हे, तर आरोप करण्यासाठी. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या दादाभाई नौरोजींनी १८७० च्या दशकात ब्रिटिश हिंदुस्थानचं दरडोई वार्षिक उत्पन्न काढलं आणि ते भरलं अवघं २० रुपये. दादाभाई तिथे थांबले नाहीत. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार किती खर्च करतं, तेही त्यांनी सरकारी कागदपत्रांतूनच काढलं. कैद्यावरचा खर्च रयतेच्या उत्पन्नापेक्षा जास्त निघाला. राज्य भरभराटीला आणलं म्हणून पाठ थोपटून घेणाऱ्या सरकारला हे उत्तर होतं. शंभर वर्षांनी दारिद्र्यरेषा म्हणून जी कल्पना रूढ झाली तिचं बीज या ताळ्यात आहे. पुढे न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात सांगितलं, की इंग्लंडात बांधलेले अर्थशास्त्राचे नियम देशकाल न पाहता हिंदुस्थानला लावता येणार नाहीत. या दोघांना तत्त्वज्ञ म्हणण्याची प्रथा नाही. ती असती तर बरं झालं असतं.

युरोपातली चर्चा वेगळ्या टोकाने सुरू होते. ॲरिस्टॉटलच्या मते संपत्ती हे साधन. ती कशासाठी हवी हे सांगितल्याशिवाय ती किती हवी हे सांगता येत नाही. आपल्याकडे बृहदारण्यक उपनिषदात मैत्रेयीने याज्ञवल्क्याला विचारलेला, संपत्तीने अमरत्व मिळेल का, हा प्रश्नही याच जातीचा, आणि अमर्त्य सेन यांनी 'डेव्हलपमेंट ॲज फ्रीडम' या १९९९ च्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाची सुरुवात त्याच संवादाने केली आहे. मधल्या काळात मात्र जेरेमी बेंथमचा सुखवाद अर्थशास्त्रात खोलवर मुरला. सुखाची बेरीज जास्तीत जास्त करायची. उत्पन्न वाढलं की माणसाला हवं ते घेता येतं, म्हणून उत्पन्न हे सुखाचं माप. ऐकायला सरळ वाटतं. मग उत्पन्नाचा वळसा तरी कशाला, थेट सुखच का मोजू नये?

भूतानने तसं म्हटलं. १९७९ साली हवानाच्या अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेहून परतताना भूतानच्या तरुण राजाने मुंबईच्या विमानतळावर पत्रकारांना सांगितलं, की आपल्याला राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा राष्ट्रीय सुख महत्त्वाचं वाटतं. ही कल्पना पुढे जगभर गाजली, परिषदा झाल्या, निर्देशांक तयार झाले. १९९० च्या दशकात त्याच भूतानमधून नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा समाजाची सुमारे लाखभर माणसं परागंदा होऊन नेपाळमधल्या छावण्यांत पोचली, याची आठवण त्या परिषदांमध्ये फारशी निघत नाही. सुख मोजताना कोणाचं मोजलं, हा प्रश्न उत्पन्नाइतकाच सुखालाही चिकटलेला आहे.

याहून खोल अडचण सेन यांनी दाखवली ती एका जुन्या पाहणीच्या आधारे. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कोलकात्याजवळच्या सिंगूरमध्ये विधवा आणि विधुर यांना त्यांच्या प्रकृतीबद्दल विचारलं गेलं. विधुरांपैकी ४८.५ टक्क्यांनी आपली तब्येत बरी नसल्याचं किंवा जेमतेम असल्याचं सांगितलं. विधवांमध्ये हे प्रमाण होतं २.५ टक्के. त्या काळच्या बंगाली विधवेच्या ताटात काय असायचं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या आकड्यांत स्त्रियांचं आरोग्य दिसणार नाही. आपल्याला बरं नाही असं म्हणण्याचा अधिकार आहे हेच ज्यांना कधी कोणी सांगितलं नाही, त्या बायका 'बरं आहे' म्हणणारच. माणूस वंचनेशी जुळवून घेतो, अपेक्षा आखडतो. त्याच्या समाधानावर विकास तोलायचा तर अन्यायाचंच पारडं जड होतं.

उत्पन्न पुरत नाही, सुखही पुरत नाही. मग मोजायचं काय? १९७९ साली स्टॅनफर्डला दिलेल्या व्याख्यानात सेन यांनी हाच प्रश्न समतेच्या अंगाने विचारला. त्याआधी आठ वर्षं जॉन रॉल्स यांच्या न्यायावरच्या ग्रंथाने मूलभूत वस्तू आणि हक्क न्याय्य रीतीने वाटले जावेत असं मांडलं होतं. सेन यांचं म्हणणं एवढंच, की सारखी वस्तू प्रत्येकाच्या हातात सारखी ताकद देत नाही. एकादशीचा उपवास करणारा वारकरी आणि घरात दाणा नाही म्हणून उपाशी असलेला मजूर, दोघांच्या पोटात सारखंच अन्न गेलेलं असतं. पहिल्यासमोर जेवण्याचा पर्याय होता, दुसऱ्यासमोर नव्हता. फरक या पर्यायात आहे. माणसाला काय करता येतं, काय होता येतं, त्या क्षमतांचा विस्तार म्हणजे विकास, ही ती मांडणी. तत्त्वज्ञ मार्था नुसबॉम यांनी पुढे अशा क्षमतांची यादीच केली आणि ती करताना अहमदाबादच्या 'सेवा' संस्थेतल्या कष्टकरी बायकांचं जगणं जवळून पाहिलं. अशी यादी करावी का, यावर या दोघांचं एकमत नाही. लोकांनी चर्चेतून ठरवायच्या गोष्टी तत्त्वज्ञाने आधीच ठरवून टाकू नयेत, असं सेन यांना वाटतं.

या विचाराला सरकारी फायलीत जागा मिळवून देणारा माणूस मात्र तत्त्वज्ञ नव्हता. महबूब उल हक हे सेन यांचे केंब्रिजपासूनचे दोस्त. पाकिस्तानच्या नियोजन मंडळात त्यांनी वाढीचे आराखडे केले आणि वाढ झालीही. अयूब खान यांची राजवट 'विकासाचं दशक' साजरं करत असतानाच, १९६८ साली, हक यांनी कराचीत सांगून टाकलं, की देशाच्या उद्योगांचा सुमारे दोन तृतीयांश भाग अवघ्या २२ कुटुंबांच्या हातात आहे. स्वतःच आखलेल्या योजनेचं फळ असं जाहीरपणे मोजून दाखवणारे नियोजनकार विरळाच. १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमात त्यांनी पहिला मानव विकास अहवाल काढला आणि आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न यांचा मिळून एकच निर्देशांक दिला. सेन यांना तो ओबडधोबड वाटत होता. हक यांचा हट्ट असा, की राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्याला हटवायचं तर तितकाच ओबडधोबड, पण माणसाकडे पाहणारा दुसरा आकडा हवा. हक यांचं खरं होतं. बारीक तत्त्वचर्चेला वर्तमानपत्रात जागा मिळत नाही, क्रमवारीला मिळते.

निर्देशांकाच्या पोटातही निवाडे आहेतच. त्यात उत्पन्न जसंच्या तसं घेत नाहीत, त्याचा लॉगॅरिदम घेतात. गरिबाच्या हातात आलेल्या शंभर रुपयांचं मोल श्रीमंताच्या शंभर रुपयांहून जास्त, हे त्यातून मान्य केलेलं असतं. २०१० पर्यंत तीन घटकांची साधी सरासरी काढत. मग गुणाकाराची पद्धत आली, म्हणजे शिक्षणात फार मागे पडलेल्या देशाला उत्पन्नाच्या जोरावर सावरता येणं अवघड झालं. त्यावर अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन यांनी बोट ठेवलं, की या नव्या सूत्रात गरीब देशातल्या माणसाच्या आयुष्याच्या एका वाढीव वर्षाला श्रीमंत देशाच्या तुलनेत अत्यल्प किंमत मिळते. कोणालाही असं म्हणायचं नव्हतं. सूत्राने ते परस्पर म्हटलं.

आता पुन्हा महाराष्ट्राकडे, कारण इथे हा वाद पुस्तकी राहिला नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा फुले यांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुद्दा. सार्वजनिक पैसा कोणाकडून येतो आणि कोणाच्या क्षमता वाढवतो, हा विकासाच्या तत्त्वज्ञानातला गाभ्याचा प्रश्न फुले यांनी रोखठोक जमाखर्चाच्या भाषेत विचारला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. पैसा कुठून आणायचा, हा आक्षेप तेव्हाही होता. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा त्यांच्या तिजोऱ्या ब्रिटिश सरकारच्या तिजोरीहून मोठ्या नव्हत्या. आधी श्रीमंत होऊ, मग शिकवू, या क्रमाला या दोन संस्थानिकांनी शंभर वर्षांपूर्वीच छेद दिला. देशाने शिक्षणहक्काचा कायदा अमलात आणला तो १ एप्रिल २०१० रोजी.

दुसरा वाद यंत्राचा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एडविन सेलिगमन हे सार्वजनिक वित्ताचे प्राध्यापक होते. त्यांच्याकडे आधी भीमराव आंबेडकर शिकले, मग दहाएक वर्षांनी जे. सी. कुमारप्पा. गुरू एक, वाटा दोन. कुमारप्पा गांधीजींकडे गेले, वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम त्यांनी उभं केलं, आणि १९४५ च्या 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' मध्ये निसर्गाचं भांडवल खाऊन होणाऱ्या वाढीला त्यांनी नाकारलं. जमिनीतलं तेल संपतं, नदीचं पाणी पुन्हा येतं. पहिल्यावर उभं राहिलेलं अर्थकारण लुटीकडे आणि युद्धाकडे जातं, असा त्यांचा विचार. 'लिमिट्स टू ग्रोथ' हा गाजलेला अहवाल यायला त्यानंतर २७ वर्षं लागली.

आंबेडकर नेमके उलट्या बाजूने आले. १९१८ च्या लहान शेतजमिनींवरच्या निबंधातच त्यांनी दाखवलं होतं, की तुकडे जोडून शेतीचा प्रश्न सुटणार नाही. शेतीवर जास्तीचे हात बसून आहेत, त्यांना उद्योगात काम मिळालं पाहिजे. पुढे १९४५ साली गांधीवादावर टीका करताना त्यांनी मुद्दा आणखी वर नेला. माणूस पशूहून वेगळा होतो तो विचार आणि संस्कृतीमुळे, त्यासाठी फुरसत लागते आणि सर्वांना फुरसत मिळायची तर यंत्र हवं. यंत्राने दुःख वाढलं असेल तर दोष यंत्राचा नाही, खाजगी नफ्याला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा. ॲरिस्टॉटललाही फुरसत हवी होती, पण ती मोजक्या नागरिकांची आणि गुलामांच्या श्रमांवर उभी. आंबेडकरांना ती गावकुसाबाहेरच्या माणसासाठी हवी होती. खेड्याच्या साध्या जीवनाचे गोडवे गाणाऱ्यांना त्या साधेपणाची किंमत कोण मोजतं हे कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि कुमारप्पांच्या ग्रंथाचा दुबळेपणा नेमका इथे आहे.

जानेवारी १९७१ मध्ये मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' त अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा दीर्घ अभ्यास आला. दिवसाला २२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ही कसोटी लावली तर १९६०-६१ साली खेड्यातली ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसं तिच्याखाली होती. त्यानंतरच्या दशकात वाढ झाली, पण तिचा लाभ मुख्यतः वरच्या थरांना मिळाला. उपाय म्हणून दोघांनी सुचवली सार्वजनिक कामं: मागेल त्याला काम, त्यातून मजुरी, त्यातून अन्न.

परीक्षा लगेच झाली. १९७० ते ७३ महाराष्ट्रात पाऊस रुसला. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा, पाझर तलावांवरची घमेली, रेशनची लाल मिलो आणि कामावर वाटलेली सुकडी आजही आठवते. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. अर्थतज्ज्ञ ज्याँ ड्रेझ यांनी नंतर या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. त्या काळात महाराष्ट्रातलं दरडोई धान्य उत्पादन आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यापेक्षाही कमी होतं. साहेलमध्ये भूकबळी पडले. इथे हाल झाले, गुरं गेली, पण तसा मृत्यूचा पूर आला नाही. मजुराच्या हातात रोख पैसा होता, म्हणून धान्य त्याच्यापर्यंत चालत आलं. १९४३ मध्ये बंगालात धान्य होतं, विकत घ्यायची ऐपत नव्हती आणि सुमारे ३० लाख माणसं मेली. सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात अन्न मिळवण्याच्या ऐपतीचा जो सिद्धांत मांडला, त्याची एक बाजू बंगालने दाखवली आणि दुसरी महाराष्ट्राने.

दुष्काळातली ही कामं आयत्या वेळी सुचलेली नव्हती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६९ सालीच सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग करून पाहिला होता. योजना १९७२ ची. तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ ला अमलात आला. २००५ चा देशाचा कायदा त्याच वाटेने गेला. यातली एक गोष्ट नजरेतून निसटते. रोजगार हमी योजनेसाठी, म्हणजे रोहयोसाठी, पैसा उभा करायला १९७५ साली व्यवसाय कर आला. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, ते याच करापोटी. ठाण्यातल्या कारकुनाने आटपाडीच्या मजुराच्या कामाच्या हक्काचा भार उचलायचा, हे न्यायाचं एक पक्कं तत्त्व. रॉल्स यांचं नावही न घेता विधिमंडळात ते मंजूर झालं. मस्टरवर खोटी नावं चढली, कामं अर्धवट राहिली, मजुरी महिनोन्महिने थकली, हेही घडलं. तरी हक्क म्हणून काम मागता येतं ही गोष्ट गावागावात रुजली ती तेव्हाच.

वाढीच्या बाजूने सर्वात नेटाने उभे राहिले ते मुंबईत वाढलेले अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती. २०१३ साली त्यांचं अरविंद पनगढिया यांच्यासोबतचं 'व्हाय ग्रोथ मॅटर्स' आणि ड्रेझ-सेन यांचं 'ॲन अनसर्टन ग्लोरी' ही पुस्तकं पाठोपाठ आली आणि खडाजंगी झाली. भगवती म्हणतात, वाढीतून कामं निर्माण होतात आणि शाळा-दवाखान्यांसाठी लागणारा कर मिळतो; आधी केक मोठा करण्याला पर्याय नाही. सेन-ड्रेझ म्हणतात, पैसा आल्यावरही भारताने तो आरोग्य-शिक्षणावर लावला नाही, म्हणून उत्पन्नाने मागे असलेला बांगलादेश आयुर्मानात पुढे गेला. निवाडा द्यायचाच तर तो रोहयोत आहे. मुंबईच्या उद्योगांशिवाय त्या योजनेला पैसा मिळाला नसता; आणि नुसत्या उद्योगांच्या भरभराटीने आटपाडीच्या माणसाला काम मिळालं नसतं. मधे एक राजकीय निर्णय लागला. तो आपोआप होत नाही याचा पुरावा हवा असेल तर २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी पाहावी. देशातल्या सधन राज्यांत गणल्या जाणाऱ्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली.

थोड्या पैशात काय होतं हेही याच राज्याने दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला उबेत ठेवायची झोळी, आणि श्वास मोजायला वाळूच्या घड्याळासोबत मण्यांची साधी पाटी. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा शोधनिबंध १९९९ साली 'लॅन्सेट' मध्ये छापून आला. त्या गावांचं उत्पन्न काही तीन वर्षांत उड्या मारत वाढलेलं नव्हतं.

आता एक प्रकरण जरा जवळून पाहण्याजोगं. राष्ट्रीय उत्पन्न समितीवर बसलेले गाडगीळ त्याच सुमाराला प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचेही अध्यक्ष होते. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना जमवून उभारलेला हा कारखाना. साखरेबरोबर त्या पट्ट्यात शाळा आल्या, कॉलेजं आली, दवाखाने आले, दूधसंघ आले. वाढ आणि विकास हातात हात घालून चालल्याचं असं उदाहरण देशात शोधून सापडणार नाही, आणि पश्चिम महाराष्ट्राला त्याचा अभिमान आहे तो रास्तच. पण सभासद होतो उसाचा मालक. ऊस तोडणारा सभासद नसतो.

दसऱ्याच्या आगेमागे बीड, अहिल्यानगरच्या कोरडवाहू तालुक्यांतून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. फडाशेजारी कोप्या, पहाटे अंधारात तोडणी, मोळी बांधायची, डोक्यावरून गाडीत चढवायची. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीच्या हिशेबात वाढतात. पाळी, गरोदरपण, आजारपण, सगळ्याचा अर्थ खाडा. बीड जिल्ह्यात बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण गाजलं तेव्हा राज्याने २०१९ साली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती.

ही गोष्ट वेगवेगळ्या हिशेबांना लावून पाहावी. राष्ट्रीय उत्पन्नात तोडलेला ऊस जमा, साखर जमा, मळीचा मद्यार्क जमा, आणि खाजगी रुग्णालयातलं शस्त्रक्रियेचं बिलही जमा. गेलेलं आरोग्य कुठेच वजा नाही. सुखाची पाहणी केली तर यातल्या कितीतरी बायका सिंगूरच्या विधवांसारखं 'बरं आहे' म्हणतील. मानव विकास निर्देशांकात त्यांचं आयुर्मान जिल्ह्याच्या सरासरीत विरून जाईल. करारावर अंगठा स्वखुशीने उठवला, असं मुक्त बाजाराचा पुरस्कर्ता म्हणेल. पण ज्या करारात नाही म्हणण्याचा पर्याय फक्त उपासमारीचा असतो, तो कितपत स्वखुशीचा? तोडणाऱ्या बाईला पाळीच्या दिवशी बसून राहता येतं का, एवढा साधा प्रश्न फक्त क्षमतांची मांडणी विचारू शकते, आणि ते उत्तर टक्क्यांत मावत नाही. उसाला लागणारं पाणी हा आणखी वेगळा विषय. लागवडीच्या छोट्या हिश्श्यावरचं हे पीक सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा पितं, आणि तोडणाऱ्यांच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो.

अलीकडे फडांत तोडणी यंत्रं दिसू लागली आहेत. टोळ्या वेळेवर मिळत नाहीत म्हणून कारखान्यांना ती हवी आहेत, सरकारचं अनुदानही आहे. यंत्राला रुंद सरी लागते, लहान तुकड्यात ते वळत नाही, तरी दर हंगामात त्यांची संख्या वाढते आहे. या एका यंत्रावरून पुढच्या पानांतले विचारवंत चार दिशांना जातील. भगवतींच्या बाजूचा लेखक म्हणेल, येऊ द्या. उत्पादकता वाढेल आणि सुटलेले हात दुसरीकडे जास्त कमावतील. कुमारप्पांच्या वळणाचा लेखक उसाच्या पाण्यापासूनच हिशेब मांडायला सांगेल. आंबेडकरी विचाराचा लेखक यंत्राचं स्वागत करून लगेच विचारेल, की त्याची मालकी कोणाची आणि वाकलेल्या कमरेला मिळालेली फुरसत कोणाच्या खर्चाने. आणि सेन यांच्या वाटेने जाणारा आधी धारूर-पाथर्डीच्या गावात जाऊन पाहील, की नोव्हेंबरात घरीच राहिलेल्या बाईला रोहयोचं काम मिळतं का, मुलगी आठवीनंतर शाळेत राहते का, आणि उचल घ्यायला नकार देणं तिला परवडतं का.